ते पुस्तक आधी तिला परत द्या

ताई, स. न. वि. वि.

मी कोरेगाव तालुक्यातल्या एका गावात राहते. घरी शिवणकाम करते, मिस्टर टेम्पो चालवतात. मोठी मुलगी नववीत आहे, धाकटा मुलगा आठवीत. जूनपासून मुलगी गप्प गप्प असते. तिच्या वर्गातल्या एकीच्या आईकडून कळलं, की मधल्या सुट्टीत ती कुणाबरोबर डबा खात नाही, ग्रंथालयात जाऊन बसते. गेल्या आठवड्यात दप्तर धुवायला काढलं, तर त्यात शाळेच्या शिक्क्याचं एक पुस्तक निघालं. वयात येताना मुलींच्या शरीरात काय होतं, पाळी, मुलांबद्दल वाटणारं आकर्षण, सगळं चित्रांसकट. मी ते माझ्या कपाटात साड्यांखाली ठेवलंय. तिला काही बोलले नाही, तीही विचारत नाही. मिस्टर म्हणतात, असली पुस्तकं देणाऱ्या ग्रंथपाल बाईंची हेडमास्तरांकडे लेखी तक्रार करायची आणि पुढच्या वर्षी दहावी आहे तर ग्रंथालयात जाणं बंद करायचं. बाईंनी आम्हाला आधी विचारायला नको होतं का? मोबाईलवर सगळं मिळतं, मग शाळेत ग्रंथालय हवंच कशाला, असंही ते म्हणतात. मला काही सुचेनासं झालंय.

एक आई

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले: 'तीही विचारत नाही.' दप्तरातून पुस्तक गेलंय हे तिला त्याच दिवशी कळलं असणार. ते कुणी घेतलं हेही तिला ठाऊक आहे. आई आज बोलेल, उद्या बोलेल, की बाबांना सांगून मोकळी होईल, याचा अंदाज घेत ती आठवडाभर घरात वावरतेय. त्यात ते पुस्तक तिच्या नावावर आहे. आत तारखेची पट्टी चिकटवलेली असेल ती बघा. त्यावरचा शेवटचा शिक्का म्हणजे परतीची तारीख. ती उलटली की बाई तिला विचारणार, 'पुस्तक कुठंय गं?' मग तिला खोटं तरी बोलावं लागेल, नाहीतर आईचं नाव तरी सांगावं लागेल.

म्हणून तक्रार, दहावी, मोबाईल हे सगळं नंतर. आधी पुस्तक साड्यांखालून काढा. तिला द्यायच्या आधी एका रात्रीत स्वतः वाचून घ्या. चित्रं पाहून मिटू नका, पहिल्या पानापासून वाचा. तुमच्या पत्रात विषय आले आहेत, पण पुस्तक काय सांगतं ते आलेलं नाही. त्यावरून मला वाटतं, तुम्ही ते घाबरत चाळलंय. पाळी पुढेमागे होणं, अंगावरून पांढरं जाणं, छातीत दुखणं, अचानक रडू येणं, एखादा मुलगा आवडणं, या प्रत्येक गोष्टीचं त्या वयाच्या मुलीला वाटतं, की हे फक्त आपल्यालाच होतंय. पुस्तकात ते नीट समजावून दिलेलं असेल तर बाईंनी तुमच्या मुलीचं भलं केलं आहे.

आणि हा विषय शाळेत आत्ता कुणीतरी चोरून आणलेला नाही. दहावीचं सध्याचं 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २' हे बालभारतीचं पाठ्यपुस्तक कुणाकडून तरी मागून आणा. सजीवांतील जीवनप्रक्रियांच्या दुसऱ्या भागात मानवी प्रजननसंस्था आहे, आकृत्यांसह, आणि ऋतुचक्रही आहे. बोर्डाच्या परीक्षेत त्यावर प्रश्न येतात. म्हणजे ज्या दहावीसाठी तुमचे मिस्टर ग्रंथालय बंद करायला निघालेत, त्या दहावीत हाच विषय तिला मार्कांसाठी शिकायचा आहे. फरक इतकाच, की पाठ्यपुस्तक नळ्या आणि ग्रंथींची नावं सांगतं. भीती वाटली तर काय करायचं हे त्यात फारसं नसतं. ते सांगायला दुसरं पुस्तक लागतं, किंवा आई.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत २७ वर्षं ग्रंथपाल होते. आमच्याकडे दशांश वर्गीकरणानं, म्हणजे प्रत्येक विषयाला एक ठरावीक क्रमांक देऊन, पुस्तकं लावलेली असत. मानवी शरीर ६१२ मध्ये येतं. पचन, रक्ताभिसरण, श्वसन आणि त्यांच्याच रांगेत वयात येण्याबद्दलची पुस्तकं. मी ती कधी वेगळी काढून कुलपात ठेवली नाहीत, कारण कुलपातलं पुस्तक मागायला मुलीला तोंड उघडावं लागतं आणि ज्या मुलीला त्याची सर्वांत जास्त गरज असते, तीच तोंड उघडत नाही. उघड्या खणात असलं की ती आधी हृदयाचं पुस्तक काढते, मग फुप्फुसांचं, आणि बाईंचं लक्ष नाही असं वाटलं की तिसरं. बाईंचं लक्ष असतं. बाई मुद्दाम रजिस्टरमध्ये मान घालतात.

डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयाची पाच सूत्रं मांडली. ग्रंथपाल होण्याआधी ते गणिताचे प्राध्यापक होते, हे मी गणितासाठी ग्रंथालयाचा तास मागून घेणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला सांगायची. त्या पाचांतलं दुसरं सूत्र आहे: प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. तुमच्या मुलीला तिचा ग्रंथ मिळाला. तो मिळवून देणं हेच बाईंचं काम.

आता तुमचा प्रश्न: बाईंनी आधी विचारायला नको होतं का? याचं उत्तर मी माझ्या हातून झालेल्या एका चुकीवरून देते. नोकरीच्या पहिल्या पाच वर्षांतली गोष्ट. आठवीतल्या एका मुलीनं दारूच्या व्यसनावरचं पुस्तक नेलं. पुढच्याच आठवड्यात पालकसभेला तिची आई आली होती. मी काळजीपोटी तिला बाजूला घेऊन म्हटलं, 'पोरगी असं पुस्तक वाचतेय, घरी काही आहे का?' आईचा चेहरा उतरला, ती काही बोलली नाही. त्या संध्याकाळी त्या घरात काय झालं ते मला आजही माहीत नाही. दोन दिवसांनी पुस्तक दुसऱ्या मुलीच्या हातून परत आलं. मध्यावर खुणेसाठी एसटीचं तिकीट घातलेलं होतं, ते तसंच होतं. उरलेलं अर्धं पुस्तक तिनं कधीच वाचलं नाही. दहावी होईपर्यंत ती ग्रंथालयाच्या दारावरून मान खाली घालून जायची. तिला आधार देणारी एकच जागा शाळेत होती, आणि ती मी बंद करून टाकली. त्यानंतर कुठल्या मुलानं काय वाचायला नेलं, हे मी घरी कधी सांगितलं नाही, शिक्षक-खोलीतही नाही.

तुमच्या शाळेतल्या बाईंना ही गोष्ट माझ्यासारखी चूक न करताच कळलेली दिसते. याला अपवाद आहेत आणि ते तुम्हाला माहीत असायला हवेत. मुलीच्या जिवाला धोका वाटला, किंवा कुणी तिला त्रास देतंय हे कळलं, तर बाईंनी गप्प बसायचं नसतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराबद्दलचा २०१२ चा पॉक्सो कायदा तर माहीत असूनही न कळवणं हा गुन्हा मानतो. पण वयात येण्याबद्दल वाचणं हा धोका नाही. हे वाचलेल्या मुलीला आपल्याशी कुणी वाईट वागलं तर ते सांगायला शब्द सापडतात. शब्द नसलेली मुलगी नुसती गप्प होते.

पुस्तकापेक्षा मला काळजी वाटली ती मधल्या सुट्टीची. तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात, पण मी तिथंच रेंगाळणार आहे.

आठवीपर्यंत शाळेत पोषण आहार असतो. सगळी पोरं एका पंगतीत बसतात, एकाच पातेल्यातलं खातात. नववीत तो थांबतो आणि घरून डबा आणावा लागतो. मोठ्यांच्या लक्षातही येत नाही, पण नववीच्या जूनमध्ये वर्गाची नव्यानं वाटणी होते. कोण कुणाच्या डब्यात हात घालणार, कुणाच्या डब्यात रोज चटणी-भाकरी, कुणाकडे पराठा, कोण कुणाला 'सरक' म्हणणार, कोण कुणाशी बोलायचं बंद करणार. दरवर्षी जुलै उजाडला की नववीतल्या तीन-चार मुली आणि एखाद-दुसरा मुलगा मधल्या सुट्टीत माझ्या ग्रंथालयात दिसायला लागत. खिडकीजवळचा बाक पकडायचा आणि पुस्तक उघडून बसायचं. काही वाचत, काहींचं अर्धा तास एकच पान उघडं असे. जिच्या मैत्रिणीनं दुसरी मैत्रीण धरली ती यायची. जिच्या पोटात दुखायचं आणि मैदानावर बसवायचं नाही ती यायची. एक मुलगा केवळ यासाठी यायचा, की तो तोतरा बोलायचा आणि ग्रंथालयात कुणालाच बोलायचं नसतं.

शाळेतल्या इतर सगळ्या खोल्यांमध्ये मुलाला कुणीतरी मोजत असतं. हजेरी, मार्क, उंची, वेग, गणवेश. ग्रंथालयात बसलेली मोठी व्यक्ती मार्क देत नाही, आणि चौदा वर्षांच्या मुलीसाठी ही केवढी मोठी सवलत आहे, हे चौदा वर्षांचं असताना आपल्यालाही माहीत होतं. तुमच्या मुलीला अवघड दिवसांत बसायला ती खोली सापडली. मिस्टरांनी ती बंद केली तर ती मैदानावर मैत्रिणींमध्ये जाणार नाही. ती स्वच्छतागृहात जाईल, किंवा रिकाम्या वर्गात एकटी बसेल. मी पाहिलंय.

म्हणून आधी एक साधी गोष्ट बघा. संध्याकाळी डबा घासायला येतो तेव्हा रिकामा असतो की तसाच? ग्रंथालयात खायला परवानगी नसते. ती तिथे बसते म्हणजे दुपारी उपाशी राहत असण्याची शक्यता आहे. डबा भरलेला येत असेल तर रागवू नका, दोन-तीन दिवस नुसतं बघा आणि बाईंशी बोलताना हे नक्की सांगा. आमच्या शाळेत मी अशा मुलांना पहिली दहा मिनिटं व्हरांड्यात बसून खायला लावायची आणि मग आत घ्यायची. दोन-तीन एकाच वेळी बसली की आपोआप गप्पा सुरू व्हायच्या. न बोलणाऱ्या मुली तिथंच एकमेकींच्या मैत्रिणी झालेल्या मला आठवतात. जेवण सुटलंय, झोप उडालीय, जगण्याबद्दलच निराश बोलतेय, असं काही दिसलं तर मात्र थांबू नका. १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा मोफत नंबर आहे, आणि १०९८ हा मुलांच्या मदतीसाठीचा.

तिच्याशी कसं बोलायचं? समोरासमोर बसवून नको. तुमचा तालुका म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालेला वाघ्या घेवडा. आता काढणीचे दिवस आहेत, सुपात निवडायला असेलच. तो निवडताना बोला. हात गुंतलेले असले आणि डोळे सुपात असले की मुली बोलतात. सुरुवात तुम्ही करा, आणि चुकीची कबुली देऊन करा: 'दप्तर धुताना तुझं पुस्तक मी काढून ठेवलं. न सांगता ठेवलं, ते चुकलं माझं. मी वाचलं ते.' मग तुम्हाला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा कुणी काय सांगितलं होतं, किंवा कुणी काहीच सांगितलं नव्हतं, ते सांगा. तुमच्या पिढीतल्या बऱ्याच जणींना 'बाजूला बस' एवढंच सांगितलं गेलं. त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं होतं हे तिला सांगितलंत, तर पुढचं ती बोलेल. त्या दिवशी नाही बोलली तर आठ दिवसांनी बोलेल. तिला कुठला मुलगा आवडतो का, हे विचारू नका. आणि ग्रंथालयात का बसतेस, हेही विचारू नका. तिथं कुठल्या बाकावर बसतेस, काय काय वाचलंस, हे विचारा.

आता मिस्टरांचं म्हणणं. त्यांचा राग मला समजतो. दिवसभर टेम्पो चालवून पोरांना शिकवणाऱ्या बापाला दहावीचीच काळजी असणार. त्यांच्याशी मार्कांच्या भाषेतच बोला.

नववीच्या भूगोलात अंतर्गत हालचालींचा धडा आहे, त्यात भूकंप येतो. आमच्या शाळेत तो धडा सुरू व्हायच्या आठवडाभर आधी भूगोलाचे सर माझ्याकडे येऊन सांगायचे आणि मी एक खोकं भरून ठेवायची. त्यात नकाशे, भूकंपावरची चार-पाच पुस्तकं, आणि कोयनेच्या भूकंपाची वर्तमानपत्रांतली कात्रणं असायची. ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट आपल्या जिल्ह्यात सगळ्यांच्या घरात शिरलेली आहे. एका वर्षी सरांनी आणि मी मिळून मुलांना कामच दिलं, की आजी-आजोबांना विचारून या, त्या पहाटे तुम्ही कुठे होता. पाटणकडचं आजोळ असलेल्या एका मुलीनं आजीचं सांगणं सात पानं लिहून आणलं. भांडी कशी पडली, गोठ्यातली म्हैस दावं तोडून कशी पळाली, किती रात्री अंगणात झोपलो. सरांनी ते वर्गात वाचायला लावलं. भूकंपनाभी म्हणजे जमिनीखाली धक्का सुरू होतो ती जागा आणि अपिकेंद्र म्हणजे तिच्या थेट वरची जमिनीवरची जागा, हा फरक त्या वर्गातलं एकही पोर विसरलं नाही, कारण अपिकेंद्र म्हटलं की त्यांना आजीचा गोठा आठवायचा. सरांनी शिकवलं, मी खोकं भरलं, घरातल्यांनी आठवणी दिल्या. तीनही बाजूंनी हात लागला तेव्हा एक धडा नीट झाला.

शिक्षकांना ग्रंथालय लागतं ते असं. दहावीच्या मराठीत उपयोजित लेखन असतं, न वाचलेला उतारा असतो. यांना पाठांतर चालत नाही, मार्गदर्शकातली छापील उत्तरं चालत नाहीत. तिथं वर्षानुवर्षं वाचणारी मुलं पुढे जातात. मिस्टरांना सांगा, मधल्या सुट्टीचा अर्धा तास दहावीतून वजा होत नाही.

'मोबाईलवर सगळं मिळतं' हे खरंच आहे, आणि म्हणूनच मला ते पुस्तक दप्तरात सापडल्याचं बरं वाटलं. हाच प्रश्न तिनं मोबाईलला विचारला असता तर पहिल्या चार ओळींत काय समोर आलं असतं, याची कल्पना मिस्टरांना माझ्यापेक्षा जास्त असेल. शाळेच्या कपाटातलं पुस्तक कुणीतरी निवडलेलं असतं, दाखल नोंदवहीत चढवलेलं असतं, त्यावर शाळेचा शिक्का असतो, आणि ते वाईट निघालं तर जाब विचारायला एक माणूस खुर्चीवर असतो. मोबाईलला जाब विचारता येत नाही. तुमच्या मुलीच्या हाती दोन्ही होतं, आणि तिनं शाळेचं पुस्तक निवडलं. पोरीला अक्कल आहे.

शाळेत ग्रंथालय हवंच कशाला, याचं कायद्यातलं उत्तरही आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं आठवीपर्यंतच्या प्रत्येक शाळेला ग्रंथालय बंधनकारक केलं आहे. वर्तमानपत्रं, मासिकं, सर्व विषयांची आणि गोष्टींची पुस्तकं त्यात असावीत, असं परिशिष्टात लिहिलंय. कागदावर ते सगळीकडे आहे. प्रत्यक्षात कितीतरी शाळांत कपाट असतं आणि किल्ली ऑफिसात असते. ग्रंथपालाचं पद असलं तर ते पुष्कळदा अर्धवेळ असतं, आणि त्या अर्ध्या वेळातही त्या बाईंना फॉर्म भरायला, बदली तासाला, परीक्षेच्या पर्यवेक्षणाला बसवतात. तुमच्या शाळेत मधल्या सुट्टीत दार उघडं असतं, म्हणजे त्या बाई स्वतःचा डबा बाजूला ठेवून तिथं बसत असणार. त्यांच्याविरुद्ध लेखी अर्ज करायच्या आधी हे एकदा मनात येऊ द्या.

अर्ज गेला तर काय होतं तेही सांगते. मुख्याध्यापक वाद नको म्हणून ते कपाट बंद करायला सांगतात. बंद होतं ते एक पुस्तक नसतं, त्या खणातली सगळी असतात, आणि तुमच्या मुलीबरोबर शाळेतल्या बाकी मुलींचीही जातात. ज्यांच्या घरी आई नाही, किंवा ज्यांच्या आईला वाचता येत नाही, त्यांचीही. आणि अर्ज कुणाच्या बापानं केला हे गावातल्या शाळेत तासाभरात सगळ्यांना कळतं. तुमच्या मुलीला दहावीपर्यंत त्या नावानं ओळखतील. मिस्टरांना हे ठासून सांगा.

पालक म्हणून तुमचा अधिकार आहेच, तो मी नाकारत नाही. पुस्तक पूर्ण वाचल्यावरही तुम्हा दोघांना वाटलं, की यातलं अमुक प्रकरण आमच्या मुलीसाठी लवकर आहे, तर ते बाईंना जाऊन सांगा. तुमच्या मुलीपुरतं त्या नक्की ऐकतील. दुसऱ्यांच्या मुलींचं त्यांच्या आयांना ठरवू द्या.

शनिवारी सकाळची शाळा असते. ती सुटल्यावर दोघं मिळून बाईंना भेटा. मुलीला आधी सांगून जा, चोरून नको. 'तुझ्या पुस्तकांबद्दल विचारणार नाही' असं तिला कबूल करा आणि तो शब्द पाळा. बाईंना तीनच गोष्टी विचारा. ती तिथं एकटी असते की कुणाबरोबर? गेल्या तीन-चार महिन्यांत तिच्यात काही बदल दिसला का? आणि आम्ही घरी काय केलं तर बरं? काय वाचते हे न सांगताही बाई याची उत्तरं देऊ शकतात. मिस्टर कदाचित हाताची घडी घालून बसतील. बसू दे. ग्रंथालयात पाच मिनिटं बसलेला माणूस शेजारच्या टेबलावरचं काहीतरी उचलतोच, आणि बहुतेक शाळांत तिथं आजचा पेपर असतो.

जमलं तर बाईंकडून एक काम धाकट्यासाठी करून घ्या. आठवीत एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा असते. शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थेच्या किंवा अनुदानित शाळेतला मुलगा असला, पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलं आणि सातवीला ५५ टक्के असले, तर बसता येतं. निवड झाली तर नववीपासून बारावीपर्यंत वर्षाला १२ हजार रुपये मिळतात. असे फॉर्म, तारखा, जुन्या प्रश्नपत्रिका बहुतेक शाळांत ग्रंथालयाच्या फलकावरच लागतात, आणि पालक तिथं फिरकत नाहीत म्हणून मुदत निघून जाते. त्याच भेटीत विचारून या. बालभारतीचं 'किशोर' मासिक येतं का तेही बघा, १९७१ पासून निघतंय, आठवीच्या पोराच्या हातात द्यायला उत्तम.

दिवाळीच्या सुट्टीत मायलेकी दोघीच भिलारला जाऊन या. पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावरचं ते पुस्तकांचं गाव, ४ मे २०१७ ला सुरू झालं. लोकांनी आपल्या राहत्या घरांतल्या खोल्या पुस्तकांसाठी दिल्या आहेत. कुणाच्याही ओसरीवर बसून वाचा, पैसे पडत नाहीत. तिला हवं ते घर तिला निवडू द्या आणि तुम्ही शेजारच्या खुर्चीत काहीतरी घेऊन बसा. तिच्या हातातल्या पुस्तकाचं नाव वाकून बघू नका. येताना एसटीत ती स्वतः सांगेल, किंवा झोपेल तुमच्या खांद्यावर.

पण हे सगळं पुढचं. आज रात्री पुस्तक वाचा, उद्या तिला द्या. तारीख उलटलीच असेल आणि बाईंनी दंड सांगितला, तर तो तुम्ही भरा, तिच्या खाऊच्या पैशातून नको. आणि तिचं वाचून संपलं नसेल तर तिला म्हणा, बाईंकडून अजून आठ दिवसांची मुदत मागून घे.